पायरीवर बसलेला कुत्रा

मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की बाई मुळातच हळवी होती. मी हळवी वगैरे काही नव्हते. मी नर्स होते, आणि नर्सचं तोंड चालतं म्हणून दवाखाना चालतो, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. चिखलाच्या चपला घेऊन आत येणाऱ्यांवर मी ओरडायची, तापाने फणफणलेल्या पोराला घोंगडीत गुंडाळून आणणाऱ्या म्हाताऱ्यांवर ओरडायची, आणि पायरीवर पसरलेल्या कुत्र्यांवर तर हातात येईल ते फेकायची. गावातले लोक मला तोंडावर बाई म्हणत. पाठीमागे काय म्हणत तेही मला ठाऊक होतं.

गाव नागभीडपासून बसने पुढे, धानाची शेतं संपून जंगल सुरू होतं तिथलं. दवाखाना म्हणजे एक कौलारू इमारत, चार लोखंडी खाटा आणि दोन दारं. पुढचं दार रस्त्याकडे, मागचं आमच्या क्वार्टरकडे. पेशंट पुढच्या दाराने यायचे आणि बरे झाले की त्याच दाराने घरी जायचे. जे बरे होत नसत, त्यांना मागच्या दाराने न्यायचे. बंडी, म्हणजे बैलगाडी, मागे लावायची, रडणाऱ्यांना जरा दाबून धरायचं आणि निघायचं. पुढे बाळंतपणाला आलेल्या बाया बसलेल्या असत, त्यांच्या नजरेला प्रेत पडू नये, त्यांचा जीव घाबरू नये, म्हणून ही सोय. मी तिथे येण्याच्या कितीतरी आधीपासून ती चालत आली होती. चांगल्या मनानेच केली होती कोणीतरी.

मोहफुलांचे दिवस होते. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन फार काळ झाला नव्हता, पण जंगलाला त्याची खबर नव्हती. मोह दोन्हीकडे सारखाच गळत होता. त्या दिवसांत उजाडायच्या आत सगळं गाव टोपल्या घेऊन आपापल्या झाडाखाली जातं. अस्वलंही जातात, कारण मोह त्यांनाही तितकाच आवडतो. माणूस खाली वाकून फुलं वेचत असतो, अस्वल पलीकडून फुलं खात येतं, आणि दोघं एकमेकांना दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. दर वर्षी असं कोणी ना कोणी आमच्याकडे यायचंच.

त्या वर्षी एक म्हातारा आला. जवळच्या खेड्यातला. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. स्वतःची म्हणावीत अशी थोडी मोहाची झाडं होती, आणि हंगामात तो झाडाखालीच लहानसा मांडव घालून राहायचा. सोबतीला कुत्रा. अस्वलाने म्हाताऱ्याला खाली पाडलं तेव्हा कुत्रा अस्वलाच्या अंगावर गेला होता. तो नसता तर काका तिथेच राहिला असता, असं त्याला बंडीत घालून आणणारा पुतण्या म्हणाला. कुत्राही बंडीमागून चालत आला होता. मळक्या तांबूस रंगाचा, वयाने चांगला मोठा, तोंडाभोवती पांढरं व्हायला लागलेलं आणि एक कान फाटून लोंबत असलेला.

म्हाताऱ्याला उतरवलं तेव्हा त्याच्या डोक्याला गुंडाळलेलं धोतर रक्ताने भिजून गेलं होतं, पण तो शुद्धीत होता. कुत्रा पायरी चढून आत यायला लागला. मी झाडू उचललाच होता. तेवढ्यात म्हाताऱ्याने हात वर केला आणि म्हणाला, "इथीच बस. मी येतो."

कुत्रा पायरीवर बसला. मी झाडू खाली ठेवला.

माझ्याच्याने जेवढं झालं तेवढं मी केलं. जखमा धुतल्या, बांधल्या, इंजेक्शन दिलं. डॉक्टर तालुक्याला राहत, आठवड्यातून एकदा आमच्याकडे येत. म्हाताऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, म्हणून जीपसाठी निरोप पाठवला. जीप दुसरीकडे कुठेतरी गेलेली होती. आम्ही वाट पाहत बसलो. म्हातारा मध्येच डोळे उघडायचा आणि दर वेळी तेच विचारायचा, "बाई, कुत्रा हाय का बाहीर?"

"हाय. कुठी जाते तो?"

"त्याले सांगा ना जी, मी इथीच हाव म्हणून."

"मी कुत्र्याशी बोलू? कामंधामं नाईत काय मले?"

"सांगा ना जी. घाबरते तो."

आता मरणाच्या दारातल्या माणसाशी काय वाद घालायचा! मी पुटपुटत दाराशी गेले, इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि कुत्र्याला म्हणाले, "हाय रे बाबा तो आत. बस गुमान." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या पायांवर डोकं टेकलं. मी आत येऊन म्हाताऱ्याला सांगितलं, सांगितलं म्हणून. त्याने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. जीप आलीच नाही.

पुढे बाळंतपणाच्या बाया बसलेल्या होत्या. पुतण्याने बंडी मागे आणली आणि आम्ही म्हाताऱ्याला मागच्या दाराने बाहेर काढलं, नेहमीप्रमाणे. मग पुतण्या कुत्र्याला न्यायला पुढे आला. "चाल रे, चाल घरी." कुत्रा त्याला ओळखत होता, शेपूटही हलवली, पण उठला नाही. त्याची नजर दारावर. पुतण्याने गळ्यात दोर घातला तर त्याने मान मागे ओढून सोडवून घेतली आणि पुन्हा तिथेच बसला. वाट जंगलातली होती, अंधाराच्या आत पोचणं भाग होतं. पुतण्याचे डोळे भरून आले होते. "राहू द्या बाई. येईल तो मांगून," असं म्हणून तो बंडी घेऊन गेला.

कुत्रा गेला नाही.

तो भुंकत नव्हता, कोणाच्या पायात येत नव्हता, भाकरीसाठी तोंड वेंगाडत नव्हता. फक्त दार उघडलं की उभा राहायचा, कोण बाहेर येतंय ते पाहायचा आणि परत बसायचा. दर वेळी. दिवसभरात ते दार किती वेळा उघडत असेल, कल्पना करा. मी त्याच्यापुढे तांदळाची पेज ठेवायला लागले. माया म्हणून नाही, दारात कुत्रा मेला तर उचलायचं कोणी, म्हणून. निदान स्वतःला मी हेच सांगत होते.

संध्याकाळी मात्र तो तोंड वर करून रडायचा. ते ऐकून बायांच्या सासवांनी कुरकुर सुरू केली. मेलेल्या माणसाचा कुत्रा, दिवस भरलेल्या बाया आत, हे काही चांगलं लक्षण नाही. एक सासू तर सुनेला उठवून घेऊन गेली. मी तिच्यावर एवढी ओरडले की माझाच घसा बसला.

डॉक्टर आपल्या दिवशी आले. माणूस चांगला, पण सदा घाईत. पायरीवर थबकले. "बाई, हे काय? दवाखान्याच्या दारात कुत्रा? कोणाला चावला म्हणजे?" मी काही बोलायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "पुढच्या वेळी मला हा इथे दिसता कामा नये. कोणी पाळणारं असेल तर घेऊन जाऊ दे. नाहीतर ग्रामपंचायतीला कळवा." ग्रामपंचायतीला कळवा म्हणजे काय, ते सगळ्या गावाला माहीत होतं. उन्हाळ्यात बेवारस कुत्र्यांना विष घातलेलं मटण टाकत.

दोन दिवसांनी पुतण्या आला. त्याने पुन्हा ओढून पाहिलं, पुन्हा तेच. शेवटी हात टेकले आणि म्हणाला, "तुमीच ठेवून घ्या ना बाई. तुमच्यापाशी खाते तरी."

मी घरी येऊन नवऱ्यापुढे विषय काढला. तो गावच्या शाळेत मास्तर. बोलायला माझ्या अगदी उलट, शांत. पण त्या दिवशी तोही चढला.

"तुले कवापासून कुत्र्याचा पुळका आला?"

"पुळका नाई आला. मारून टाकतीन त्याले."

"अन् बिबट? बिबट्याचं काय करतं?"

बिबट्याचं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या उन्हाळ्यात बिबट्याने आमच्या ओळीतली कुत्री एकेक करून उचलली होती. बिबट्याला कुत्र्यासारखं दुसरं काही आवडत नाही, आणि कुत्र्यासाठी तो थेट अंगणात येतो. उन्हाळ्यात आम्ही सगळे अंगणातच झोपायचो. घरात जीव उकडून जायचा. आमची पोरगी तेव्हा नुकती पाऊल टाकायला लागली होती, ती माझ्या कुशीत खाटेवर झोपायची. कुंपण म्हणजे बांबूच्या काड्या.

"अंगनात कुत्रा बांधनं म्हंजे बिबट्याले घरचं आवतन देनं," तो म्हणाला. "पोरगी झोपते आपली तिथी. तुले कोन जास्त हाय?"

तो बरोबर बोलत होता, म्हणूनच माझ्या अंगाची लाही झाली. मी भांडी आपटली. तो म्हणाला, कुत्र्याला काय कळतं, दोन दिवसांत विसरेल आणि जाईल कुठेतरी. मी म्हणाले, "नाई विसरत. तुमाले काऊन समजत नाई? तो आत गेला हे त्यानं पाह्यलं. बाहीर आल्याचं त्याले दिसलंच नाई. त्याच्यासाठी म्हातारा अजून आतच हाय." आणि एवढं बोलून माझा आवाज असा फुटला की मीच दचकले.  नवरा पोरीला उचलून बाहेर गेला.

त्याला कळलं होतं. माझी आई आदल्या पावसाळ्यात गेली होती.

माझं माहेर सिरोंच्याकडचं. आई आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा मी निघाले, पण नद्यानाले भरून वाहत होते आणि बस मध्येच अडकली. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. बुद्धवंदना झाली, अग्नी दिला, राख गोदावरीत सोडली, घरसुद्धा सारवून झालं होतं. भाऊ म्हणाला, थांबता आलं नाही गं. खरंच आलं नसतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण मी आईला शेवटचं पाहिलं होतं ते दारात उभी असलेलं, मी बस धरायला निघाले तेव्हा. पदर डोक्यावर, एक हात चौकटीला. माझ्यासाठी ती तिथेच उभी होती. मी रडले नाही. बाया म्हणाल्या, किती खंबीर आहे, नर्स आहे ना. खंबीर कसली! मला ती गेल्याचं पटलंच नव्हतं. परत आल्यावर कितीतरी महिने मला वाटायचं, आता उन्हाळ्यात जाऊ तेव्हा आईला हे सांगू, ते सांगू. आणि मग आठवायचं. दर वेळी नव्याने आठवायचं. त्या कुत्र्याला दार उघडताना उभा राहून परत बसताना पाहिलं की मी नजर फिरवायची, ती यासाठी. कोणाला सांगण्यासारखं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नवरा बांबू घेऊन आला. स्वयंपाकघराला लागून लाकडं ठेवायची एक पडवी होती. त्याने ती तिन्ही बाजूंनी बंद करायला घेतली, आणि तिला चांगलं जाड दार बसवलं, आतून कडी घालता येईल असं. मी विचारलं, हे काय? तो खिळा ठोकत म्हणाला, "कुत्रा रातचा इथी, घरात. अंगनात नाई. अन् पोरगीबी घरातच झोपन. उकडलं त उकडलं." गावात कुत्र्याला घरात कोणी झोपवत नसे. येणारेजाणारे हसत होते, मास्तरच्या कुत्र्याले खोली बांधून राह्यले म्हणून. तो आपला ठोकत राहिला. त्या दिवशी मी त्याच्यासाठी वांग्याची भाजी केली आणि आमच्यातलं भांडण संपलं.

तर आमचं ठरलं. आता कुत्र्याचं ठरायचं होतं.

मी त्याला पेज आणि सुकट दाखवत इमारतीला वळसा घालून आमच्या अंगणात आणलं. दोर होता, पण ओढावं लागलं नाही. मुकाट्याने आला. पोरगी टाळ्या पिटत "कुता, कुता" करत त्याच्या पाठीवर पडली, तरी गुरगुरला नाही. खाल्लं, पाणी प्यायला. दोर सोडला तसा उठला आणि पायरीवर जाऊन बसला. बांधून ठेवला तर दोर कुरतडला आणि गळ्यात तुकडा लोंबत असतानाच पायरीवर. पुन्हा आणला, पुन्हा तेच. त्याला आमचं घर नको होतं असं नाही. त्याला इथीच बस म्हणून सांगितलेलं होतं, आणि म्हातारा आत आहे असं मी स्वतः सांगितलं होतं. जिवंत होता तेव्हा सांगितलं होतं, खरं तेच सांगितलं होतं. पण नंतरचं त्याला कोण सांगणार?

डॉक्टर दुसऱ्या दिवशी येणार होते. बाजाराचा दिवस, भर दुपार, एकही पेशंट नाही. मी दवाखान्याचं पुढचं दार उघडलं, आणि मागचंही उघडलं. मग पायरीवर येऊन म्हणाले, "ये आत. पाहून घे."

तो उभा राहिला. उंबऱ्यापाशी येऊन थांबला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्याने तो उंबरा ओलांडला नव्हता. मी पुन्हा म्हणाले, ये. मग तो अंग चोरून आत आला. तीन खाटा सोडून सरळ कोपऱ्यातल्या खाटेशी गेला. ती खाट मी स्वतः फिनाईलने धुतली होती, गादी उन्हात टाकली होती, तरी त्याला सापडलीच. खाटेचे पाय हुंगले, खालची फरशी हुंगली, खाटेखाली शिरला आणि बाहेर आला. तिथून नाक जमिनीला लावून मागच्या दाराशी गेला. दाराबाहेर मातीत बंडीच्या चाकांची चाकोरी अजून दिसत होती. ती त्याने हुंगली. आणि त्याच्या घशातून एक आवाज आला, बारीक, दार करकरावं तसा.

मी मागच्या उंबऱ्यावर बसले आणि मोठ्याने बोलले. "गेला रे तो. तुझा म्हातारा गेला. याच दारानं नेलं त्याले. तुले कोनी सांगितलंच नाई. तू तिकडे बसून राह्यला अन् त्याले इकडून नेलं." बोलता बोलता मला रडू फुटलं. असं रडू की पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. आई गं, आई गं, एवढंच तोंडातून येत होतं. त्या दुपारी माझ्यासाठी माझी आई गेली.

कुत्रा माझ्याजवळ आला. माझ्या हाताला एकदा नाक लावलं. मग वळला आणि त्या चाकोरीवरून चालायला लागला. पळत नव्हता, चालत होता. मी हाक मारणार होते, पण म्हातारा त्याला काय नावाने हाक मारायचा ते मी कधी विचारलंच नव्हतं. तो कुंपणाच्या फटीतून गेला आणि वाटेला लागला.

सकाळी नवरा सायकलला दोर बांधून त्या खेड्यात गेला. दुपारी एकटाच परत आला. कुत्रा आधी पुतण्याच्या घरी गेला होता, मग जिथे म्हाताऱ्याला माती दिली तिथे, आणि मग मोहाच्या झाडाखाली, मांडवात. नवऱ्याने हाक मारली तर शेपूट हलवत आला. सायकलसोबत नाल्यापर्यंत चालला. तिथे थांबला, आणि पुढे आला नाही. "दोर घातला असता त आला असता," नवरा म्हणाला. "पन मले घालवला नाई. आता त्याले माहीत हाय ना."

डॉक्टरांना पायरी रिकामी दिसली. "बरं केलंत बाई," ते म्हणाले. मी खाटांच्या चादरी बदलायला घेतल्या. 

मग दर बाजाराला पुतण्याबरोबर मी भाताचं गाठोडं पाठवायची आणि तो खबर आणायचा. मोह संपला, झाडाखाली जाणारं कोणी उरलं नाही, तरी कुत्रा तिथेच. जेवायला पुतण्याच्या दारी यायचा आणि परत जायचा. पाऊस लागल्यावर एका बाजाराला पुतण्या आला तो माझं फडकं हातात घेऊन. धुतलेलं, घडी केलेलं.

"बिबट," तो म्हणाला.

मी त्याच्यावरच तुटून पडले. घरात काऊन नाई बांधलं त्याले? त्याने ऐकून घेतलं. "बांधला होता जी. सोडवून गेला. झाडाखालीच जाये तो." मला माहीत होतं ते. माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? मी फडकं घेतलं आणि आत गेले. घरी नवऱ्याने पडवीत पुन्हा लाकडं रचायला घेतली. दार मात्र काढलं नाही. पोरगी बरेच दिवस त्या दाराशी जाऊन "कुता?" असं विचारायची.

मागच्या दाराची चाल मी मोडली नाही. बाळंतिणींचा विचार करावाच लागतो. पण त्यानंतर कोणी दगावलं की मागचं दार उघडायच्या आधी मी पुढच्या दाराशी जाऊन पाहायची, पायरीवर कोणी बसलंय का. एकदा एक म्हातारी बसली होती. तिच्या नवऱ्याला मुलं आत घेऊन गेली होती आणि तिला म्हणाली होती, तू इथीच बस, आमी येतो. ती लसूण सोलत बसली होती, रात्री त्याला खिचडी लागेल म्हणून. मुलं मागे बंडीत पेंढा अंथरत होती. मी तिच्याजवळ पायरीवर बसले आणि तिला सांगितलं. तिने हातातली लसणाची पाकळी सोलून पुरी केली. मग म्हणाली, "मले आत नेता काय, बाई?"

मी तिचा हात धरला आणि तिला पुढच्या दाराने आत नेलं.